उजव्या खांद्याची बाई

तुला मी कधी पाहिलेलं नाही. तुझे कपडे मात्र कित्येक वर्षं घालते आहे.

आज अंगात मोरपंखी ब्लेझर आहे, तुझाच. लोकरीचा, आतून रेशमी अस्तर. बाहीवरची चौकडी पाठीवर जाते तिथं एक रेघही चुकलेली नाही. असे ब्लेझर नवे घेणारी माणसं वेगळी आणि मी वेगळी. मधे एक जुन्या कपड्यांचं दुकान आहे, म्हणून आपली गाठ पडली.

गाठ पडली असं म्हणते, पण पडलेली नाहीच. तीच पाडायला निघाले आहे. पिशवीत तुझे आणखी दोन कपडे आहेत आणि कामावर मी दात दुखतो म्हणून सांगितलंय. माझ्या कामावर हे कारण कुणालाही पटतं.

करडं जाकीट

हे पहिलं.

दुकान लाँड्रीच्या मागे आहे. आत शिरलं की ओल्या लोकरीचा आणि कुणाकुणाच्या अत्तरांचा मिळून एक वास येतो. मावशी दारातच खुर्ची टाकून बसलेली असते. सगळे तिला मावशी म्हणतात, आणि ती सगळ्यांना काहीतरी नाव ठेवते. मला दातवाली म्हणते.

त्या दुकानात चांगली वस्तू शोधायची माझी रीत अशी: लेबल सगळ्यात शेवटी बघायचं. लेबल कुणीही आणून लावू शकतं. आधी कपडा उलटा करायचा. शिवणीच्या आत कापड किती सोडलंय ते बघायचं. स्वस्तातला माणूस तिथं हात आखडतो. काज हातानं केलंय का. चेन वर-खाली करताना कापड खाते का. खिसा खरा आहे की नुसतं झाकण शिवलंय. एवढं झालं की मग लेबल. तेव्हा ते बघून हसू येतं, कारण ते कुणाचं असणार हे आधीच कळलेलं असतं.

करडं जाकीट मी असंच उलटं केलं, सुलटं केलं आणि अंगात घातलं.

आणि आरशात मी सरळ होते.

तुला वेगळं सांगायला नको, पण सांगते. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा अंगठाभर खाली आहे. आई म्हणायची, नीट उभी राहा. मी नीटच उभी असायचे. कुठलाही नवा कपडा घातला की गळ्यापासून उजव्या काखेपर्यंत एक चुणी पडते, कुणीतरी मूठभर कापड धरून ओढतंय अशी. त्या जाकिटाला चुणी नव्हती. मी ते काढून खांद्याची शिवण बघितली. कंपनीची शिवण उसवून कुणीतरी हातानं नवी घातली होती. उजवा खांदा खाली घेतला होता, अगदी अंगठाभर. शेवटचा टाका पिवळ्या दोऱ्याचा होता.

म्हणजे माझ्या खांद्याची आणखी एक बाई या गावात होती. खांदा लपवत नव्हती ती. भारीतलं जाकीट घेऊन रीतसर आपल्या खांद्याएवढं करून घेत होती.

मी त्या दिवशी मावशीशी घासाघीस केली नाही. ती म्हणाली, "बरं वाटत नाही का तुला?"

माझ्या कामाबद्दल थोडं

मी कवळ्या बनवते. दातांच्या टोप्या, पूल, अख्खी बत्तिशीसुद्धा. आम्ही दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या अंगाचे लोक. डबीतून जबड्याचं माप येतं, मी त्यात प्लास्टर ओतते आणि मग ते तोंड माझ्या टेबलावर पडून असतं. त्याचा धनी मी कधी बघत नाही. पण हा झोपेत दात खातो, ही एकाच बाजूनं चावते, ही दातानं दोरा तोडते, याला राग गिळायची सवय आहे, हे मला दिसतं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतात, बरोबर. माणूस न बघता माणूस ओळखायचं, हे माझं पोटापाण्याचं काम आहे.

पुढे पिवळ्या टाक्याचे आणखी कपडे येत गेले, आणि तुला ओळखायला मला जड गेलं नाही.

तुझ्याबद्दल जे माहीत होतं ते

तुला बसून राहायचं काम आहे, कारण तुझ्या पॅन्ट्स गुडघ्याच्या मागे चमकतात. तू आधी दाट, गोडसर अत्तर लावायचीस, मग अचानक लिंबासारखं काहीतरी लावायला लागलीस. मला वाटलं, नोकरी बदलली. आधी तुझ्या कपड्यांवर कुत्र्याचे केस असायचे, मग मांजराचे. कुत्रा गेला असणार. मला दोन दिवस वाईट वाटलं. मी कधी कुत्रा पाळलेला नाही.

एका वर्षी तू लाल ड्रेस घेतलास, मागे मानेपासून कमरेपर्यंत चेन असलेला. असा ड्रेस एकटी बाई घेत नाही. मागची चेन लावायला कुणीतरी लागतं. म्हणजे कुणीतरी आलं होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, थोडं टोचलंही. तो ड्रेस मी घरातच घालते. चेनला दोरा बांधते, दोरा खांद्यावरून पुढे घेते आणि ओढते. लागते चेन.

ताईचा फोन

"काय घेतलंस?"

"कोट."

"नवा?"

"जुनाच."

"अगं, लोकांच्या उष्ट्या कपड्यांत काय सुख मिळतं गं तुला? भाऊजी म्हणतात, आपण पाठवू एखादा."

"भाऊजींना माझा खांदा माहीत आहे का?"

"खांद्याचं काय घेऊन बसलीस? शाल घे वरून. कुणाला दिसतो?"

"तिला पण तसाच आहे."

"कुणाला?"

"आहे एक मैत्रीण."

"तुला मैत्रीण?" ताई म्हणाली. मग गडबडीनं म्हणाली, "म्हणजे चांगलंच आहे. घेऊन ये की एकदा घरी."

लांब कोट

आता ज्यासाठी निघाले ते.

गेल्या हिवाळ्यात तुझं एक जाकीट आलं, कमरेला थोडं आत घेतलेलं. मी दुर्लक्ष केलं. मग एक स्कर्ट आला, तोही आत घेतलेला. मला पोट आत ओढून घालावा लागला. मग कितीतरी महिने काहीच आलं नाही. मी दर शनिवारी जायचे. मावशी लांबूनच मान हलवायची.

आणि मग हा कोट आला. काळा, पोटरीपर्यंत लांब, आत शिवणीला कापड इतकं सढळ सोडलेलं की दुसरा कोट निघावा. खांदा चोख बसला. बटण लागेना. कंबर केवढी आत घेतली होती. मी आरशासमोर दोन्ही कडा हातात धरून उभी राहिले, त्या जवळ येईनात.

हौसेनं बारीक होणारी बाई नवे कपडे घेते. जुना भारीतला कोट आत घेऊन घेऊन घालत नाही, आणि मग एक दिवस टाकून देत नाही. मी प्लास्टरमध्ये असे जबडे बघितले आहेत. वर्षाच्या आत हाड मागे सरकतं. डॉक्टर म्हणतात, कवळी सैल होतेय, परत करा. तिसऱ्यांदा कवळी परत येत नाही.

मी मावशीला विचारलं, "हा कोण टाकून गेलं?"

"पिशव्या दाराशी असतात सकाळी. कोण टाकतं ते मी बघत नाही. बघत बसले तर लोक टाकायचे नाहीत."

"काहीतरी माहीत असेल."

तिनं कोट उलटा केला, पिवळा टाका बोटानं चाचपला. "हा पुलापलीकडचा मास्टर. शेवटचा टाका पिवळा घालतो, उसवताना सापडावा म्हणून. एक नंबरचा हट्टी माणूस. माझा एक चांगला कोट बिघडवून ठेवला त्यानं. मी म्हटलं, मास्टर, हा एका अंगाला कललाय. म्हणाला, सवय होईल."

मी ऐकलं ते फक्त पुलापलीकडचा एवढंच.

मास्टर

दुकान तळघरात आहे. वर घड्याळवाल्याचं दुकान, खाली हा. एक लांब टेबल, दोन मशिनं, त्यांतलं एकच चालू. भिंतीला खुंट्यांवर तयार कपडे, फार नव्हते. मास्टर चष्मा कपाळावर चढवून दोरा ओवत होते आणि सुईला शिव्या देत होते.

मी पिशवीतून लाल ड्रेस काढून टेबलावर ठेवला. "मास्टर, हे तुमचं काम ना?"

त्यांनी चष्मा खाली घेतला, ड्रेस उलटा केला, पिवळा टाका शोधला. "माझंच. काय झालं, उसवलं?"

"नाही. ज्यांचा आहे त्या बाई हव्या आहेत मला."

"कशाला?"

"मी बहीण आहे तिची. पत्ता हरवलाय." येताना पुलावर हे चार वेळा म्हणून बघितलं होतं.

"सख्ख्या बहिणीचा पत्ता हरवला?"

"आमचं बोलणं नव्हतं."

तेवढी तरी थाप नव्हती.

ते माझ्याकडे बघत राहिले. "तिच्यासारख्या दिसत नाही तुम्ही."

"कशी दिसते?"

"उंच. चांगली भरलेली. दोन पोरं असतात कायम मागे, एक माझी खडूची डबी सांडतं. नवरा बाहेर गाडीत हॉर्न वाजवत बसतो."

पोरं मी हिशेबात धरली नव्हती. पण चेन लावणारा होता, हे बरोबर निघालं. मी कोट बाहेर काढला. "आणि आता? आता बरी आहे का ती?"

"हा तिचा कुठे? हा त्या गाणाऱ्या मुलीचा. फुंकर मारली तर उडेल अशी. कंबर केवढी आत घेतली बघा."

"आजारी आहे ना ती?"

"आजारी कशाला असेल? जन्माचीच काडी. परवा तर पायरीवर उभी राहून भांडून गेली माझ्याशी. आवाज असा की घड्याळवाला खाली आला."

मी अंगातल्या ब्लेझरला हात लावला. "आणि हा?"

"हा बँकेतल्या साहेबीणबाईंचा. केस पांढरे, बारीक कापलेले. त्यांनी तर एकदाच घातला असेल. खांद्याला काहीतरी होतंय म्हणाल्या. मी म्हटलं, सवय होईल."

"पण खांदा एकच आहे," मी म्हणाले.

"कुठला?"

"उजवा. सगळ्यांचा उतरवलाय तुम्ही. एकाच मापानं."

"मी?" मास्टरांना हे लागलं. "मी कुणाचा खांदा कशाला उतरवू? कंपनीचे खांदे भलतेसलते असतात, ते मी सरळ करून देतो. बाईच्या अंगावर कंबर, बाही, उंची घ्यायची. खांदा मात्र पुतळ्यावर. बाई हलते, श्वास घेते. पुतळा हलत नाही."

आणि त्यांनी कोपऱ्यात बोट दाखवलं.

पुतळा

कमरेपर्यंतचा, बिनडोक्याचा, फिकट कापड ताणून बसवलेला, लाकडी पायावर उभा. कापडाला टाचण्यांची बारीक भोकं पडलेली. कधीतरी तो उजव्या अंगावर पडला असावा. खांदा चेपला होता आणि चेपलेल्यावरच नवं कापड ताणलं होतं, इतकं सफाईनं की रोज बघणाऱ्याला ते दिसणार नाही.

अंगठाभर. मी अंगठा लावून बघितला.

तू

तुम्ही कोण कोण आहात? कुत्रेवाली वेगळी का? आणि लिंबाचं अत्तर, ते गाणाऱ्या मुलीचं? आणि करडं जाकीट ज्या बाईनं…

पुन्हा मास्टर

मास्टर माझ्याभोवती एक फेरी मारून आले होते. मी पुतळ्याकडे बघत होते आणि ते माझ्याकडे. त्यांनी माझ्या उजव्या बाहीची कड चिमटीत धरून किंचित ओढली आणि सोडून दिली. कापड जागच्या जागी परत बसलं.

"अगं," ते आतल्या पडद्याकडे वळून म्हणाले, "बाहेर ये जरा."

त्यांची बायको हात पुसत बाहेर आली.

"बघ. बाईंना कसा बसलाय बघ. खांदा बघ. आणि लोक म्हणतात मास्टरचा हात गेला."

"लोक म्हणजे कोण?" ती म्हणाली. "हल्ली येतं कोण इथं?"

"म्हणून तर बोलावलं तुला. आपण बरोबर होतो. अंगंच वाकडी असतात लोकांची." ते खरंच खूश झाले होते. टेबलाखालून स्टूल ओढून त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. "बसा. चहा घ्याल ना? आता कुणी खांद्याबद्दल बोललं की तुम्हाला निरोप धाडतो. तुम्ही यायचं, असा एखादा कपडा घालून इथं उभं राहायचं, बस. बोलायचं पण नाही."

"काहीही काय सांगता त्यांना? कामंधामं असतील," बायको म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण येत जा हो. दुपारचं कुणी नसतं. चहात साखर किती?"

मला किती दिवसांत कुणी साखर विचारली नव्हती. कामावर चहा मशिनमधून येतो, गोडच असतो.

मी स्टुलावर बसले. बसून राहिले असते तर सगळंच राहिलं असतं. तुम्ही सगळ्या इथं येत राहिला असता, चांगले चांगले कपडे आणून दिले असते, घरी जाऊन आरशात बघून नाराज झाला असता आणि सकाळी मावशीच्या दाराशी पिशवी ठेवली असती. आणि शनिवारी मी. बटण लागो न लागो, खांदा तरी लागला असता. आणि अधूनमधून चहा.

आमच्याकडे असं होतं. प्लास्टर ओतताना आत हवेचा बुडबुडा राहतो आणि साच्यावर एक कण जादा येतो. त्यावर केलेली टोपी त्या साच्यावर फार सुरेख बसते. तोंडात बसत नाही. डॉक्टर म्हणतात, पेशंट कटकट्या आहे. मी टेबलाशी एकटी असते, साचा हातात घेते, कणावर बोट फिरवते. तो साचा तसाच फळीवर परत ठेवणं मला आजवर कधी जमलेलं नाही. त्यात चांगुलपणा काही नाही. हातच तसा झालाय.

"मास्टर," मी म्हणाले, "पुतळा वाकडा आहे तुमचा."

"काय?"

"उजवा खांदा. चेपलाय. बघा हात लावून."

"तो माझ्या गुरूंचा पुतळा आहे बाई."

"असू दे. पडला होता का कधी?"

बायको म्हणाली, "पडला होता. भिंतीला रंग देताना शिडी लागली नव्हती का तुमची? केवढा आवाज झाला होता."

"त्याला काही झालं नव्हतं."

मी ब्लेझर काढला आणि तिच्या पुढे धरला. तिनं एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि तो घातला. तिचे खांदे सरळ होते. गळ्यापासून उजव्या काखेपर्यंत चुणी पडली, तीच, ओळखीची. तिनं खांदा उडवून बघितला, बाही ओढली. चुणी हलली आणि परत तिथंच आली.

मास्टरांनी ती चुणी दोन बोटांत धरली. बराच वेळ धरून ठेवली. मग पुतळ्यापाशी गेले, दोन्ही तळवे त्याच्या दोन्ही खांद्यांवर ठेवले आणि डोळे मिटून उभे राहिले.

"मग तुम्हाला कसा बसतो?" ते तसेच, पाठमोरे म्हणाले.

"माझा पण उतरलाय."

ते वळले. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी कपडा सोडून माझ्याकडे नीट बघितलं. माझ्या पातळ ब्लाउजच्या आत दोन खांदे होते, एक इथं, एक तिथं.

"हो की," ते म्हणाले.

बायकोनं ब्लेझर काढून दिला. चहाचं विसरली. मास्टर खाली वाकून डब्यातून कापूस काढायला लागले होते, मूठभर, आणखी मूठभर, आणि पुटपुटत होते, साहेबीणबाई, मग ती दोन पोरांची आई, मग ती काडी, मग कोण. मी लाल ड्रेस आणि कोट पिशवीत भरला. बायको पायरीपर्यंत आली.

"तुमच्या बहिणीचं तेवढं राहिलंच की," ती म्हणाली.

"असू दे," मी म्हणाले.

निळं जाकीट

ते आलं तेव्हा थंडी संपत आली होती.

मधल्या दिवसांत मी शनिवारी जात होतेच. कपडे कमी यायला लागले होते. मावशी म्हणाली, "त्या मास्टरकडे म्हणे आता रांग असते. कसली जादू केली कोण जाणे. आमच्या पोटावर पाय आला." त्या रस्त्याला मी परत गेले नव्हते. कुणी निरोपही धाडला नव्हता. धाडायला त्यांच्याकडे कारण नव्हतं.

ताईनं फोनवर विचारलं होतं, "तुझ्या मैत्रिणीला घेऊन येणार होतीस ना?"

"तिचं जमणार नाही."

"का गं? भांडलात?"

"नाही. ती खूप जणी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तिच्याकडे खूप जणी आहेत."

"बरं," ताई म्हणाली. "तू तरी ये."

निळं जाकीट मी उलटं केलं. आत कापड सढळ. काज हाताचं. शेवटचा टाका पिवळा. लेबल बघितलं, हसू आलं नाही, पण बरोबर निघालं. मग घातलं.

चुणी पडली. खांद्यावर जागा उरली, तिच्यात मी डाव्या हाताची बोटं घातली. आत गार अस्तर होतं आणि कुठलाच वास नव्हता. ज्या बाईनं टाकलं तिनं धुऊन, इस्त्री करून टाकलं होतं. तिच्या कुत्र्याचं, कामाचं, माणसांचं काही कळेना. मी बराच वेळ बघितलं. ती कुणीही असू शकत होती.

मावशी खुर्चीतूनच बघत होती. "काय गं दातवाली, नाही बसत?"

"नाही."

"तुझंच माप वाटलं मला. म्हणून मागे काढून ठेवलं होतं."

"होतं माझंच."

"थोडं शिवून घे की त्या मास्टरकडून. आता चांगलं करतो म्हणे."

मी जाकीट काढलं, खांदे नीट जुळवून हँगरला लावलं, वरचं एक बटण घातलं म्हणजे घसरणार नाही. मावशीला म्हटलं, "बाहेर लाव. जाईल लगेच." आणि पुढचा हँगर सरकवला.